चाकाच्या आवाजाचे निदान (मोटारगाडी)

चाकाच्या आवाजाचे निदान म्हणजे मोटारगाडी धावत असताना चाकापाशी उमटणाऱ्या अनोळखी आवाजावरून त्याच्या मुळाशी असलेला बिघाड ओळखण्याची पद्धत होय. टायर, रिम, हब, बेअरिंग, ब्रेक, ॲक्सल आणि सस्पेन्शन हे सर्व भाग चाकाभोवती अगदी थोड्या जागेत एकवटलेले असतात. त्यामुळे आवाज चाकाकडून येतो एवढे कळले, तरी तो नेमका कोणत्या भागाचा हे केवळ ऐकून ठरवणे अनुभवी कारागिरालाही कठीण जाते. वेग वाढल्यावर, वळण घेताना, ब्रेक दाबल्यावर किंवा रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर आवाजात काय फरक पडतो, याची नोंद निदानाचा मुख्य आधार असते.

यांतील काही आवाज निरुपद्रवी असतात. उदाहरणार्थ, टायरच्या खाचेत अडकलेला खडा. याउलट सैल झालेले नट, झिजून संपलेले ब्रेक पॅड किंवा निकामी होत आलेले बेअरिंग यांच्या आवाजाकडे दुर्लक्ष केल्यास ब्रेक न लागणे, चाक अडकणे किंवा धावत्या गाडीचे चाक निखळणे असे गंभीर अपघात घडू शकतात.

चाकाची रचना

गाडीचे चाक नटांनी किंवा बोल्टांनी हब या भागावर बसवलेले असते. हब बेअरिंगच्या आधाराने फिरतो. बेअरिंगसाठी मराठीत 'धारवा' असा पारिभाषिक शब्द आहे. व्यवहारात आणि गॅरेजमध्ये मात्र 'बेअरिंग' हाच शब्द रूढ आहे. बेअरिंगमध्ये एक आतले आणि एक बाहेरचे कडे असून त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्या (छर्रे) किंवा रूळ असतात. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारगाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगा असलेले, कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले बेअरिंग वापरतात. ट्रक, बस आणि अनेक जुन्या गाड्यांत निमुळत्या रुळांचे बेअरिंग आढळते.

पुढील चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या गाड्यांमध्ये ॲक्सलच्या बाहेरच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. चाक वळलेले असतानाही त्याला एकसमान गती देणे हे त्याचे काम. या जॉइंटवर ग्रीस धरून ठेवणारे रबराचे घडीदार आवरण (बूट) असते. हबबरोबर फिरणारी ब्रेक डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे ब्रेक पॅड आणि डिस्कच्या मागे बसवलेला पातळ धूळरोधक पत्रा हे भाग एकमेकांच्या अगदी जवळ असतात. मागील चाकांना अनेक लहान गाड्यांत डिस्कऐवजी ड्रम आणि ब्रेक शू असतात.

इतिहास

आस आणि चाक यांच्यातील घर्षण कमी करण्याची गरज चाकाइतकीच जुनी आहे. बैलगाडीत लाकडी तुंब्याच्या आत लोखंडी आस घासत असे. वंगण आटले की चाक कुरकुरू लागे, आणि ते ऐकून गाडीवान वंगण घाली. आवाजावरून चाकाची प्रकृती ओळखण्याचा हा पूर्वापार प्रकार म्हणता येईल. घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट वेल्समधील फिलिप वॉन यांनी १७९४ मध्ये घेतले. अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांना निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट १८९८ मध्ये मिळाले. गाडीच्या चाकावर वजनाचा उभा भार आणि वळणावरचा आडवा भार असे दोन्ही भार येतात. हे दोन्ही भार एकत्र पेलण्याची क्षमता हा निमुळत्या रुळांच्या रचनेचा मुख्य गुण होय.

आवाजाचे वर्णन

गाडीचा मालक गॅरेजमध्ये बहुधा 'चाकातून आवाज येतो' एवढेच सांगतो आणि तेवढ्यावरून कारागिराला काहीच कळत नाही. घरघर, खरखर, कटकट, खडखड यांसारख्या अनुकरणवाचक शब्दांची मराठीत समृद्धी आहे आणि ते नेमकेपणाने वापरले तर निदानाची निम्मी वाट सोपी होते. सामान्यपणे पुढील संबंध आढळतात.

• घूंऽऽ अशी सलग गुंजन किंवा घरघर, वेगाबरोबर वाढणारी: झिजलेले बेअरिंग किंवा टायरची विषम झीज.
• चींऽऽ असा बारीक, तीक्ष्ण आवाज: झिजत आलेले ब्रेक पॅड, किंवा डिस्क आणि धूळरोधक पत्रा यांच्यामध्ये अडकलेला खडा.
• खर्रखर्र, धातूवर धातू घासल्यासारखा आवाज: पॅड पूर्ण झिजणे, डिस्कवरचा गंज, वाकलेला धूळरोधक पत्रा.
• कटकट, पूर्ण वळणावर ॲक्सिलरेटर दाबताच येणारी: बाहेरचा सीव्ही जॉइंट.
• टिकटिक, नियमित ठेक्यात: टायरमध्ये अडकलेला खडा किंवा खिळा.
• खडखड किंवा धप्प, खड्ड्यातून जाताना: सस्पेन्शनचे सांधे, बुश, शॉक ॲब्जॉर्बर.
• ठकठक आणि सोबत चाकाचा हेलकावा: सैल झालेले नट.

एकाच शब्दासमोर दोन-तीन कारणे येत असल्याने आवाजाचे नाव हा निदानाचा आरंभ ठरतो, शेवट नव्हे. पुढील काम आवाज कशाने बदलतो हे पाहण्याचे आहे.

निदानाची तत्त्वे

वेग: चाकाशी संबंधित आवाज गाडीच्या वेगाप्रमाणे बदलतो, इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे बदलत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकच वेग कायम ठेवून गिअर बदलला असता आवाजाची पट्टी तशीच राहिली, तर इंजिनाला बव्हंशी दोषमुक्त ठरवता येते. गाडी जागेवर उभी करून इंजिनाचा वेग वाढवल्यावर तोच आवाज आला, तर तो चाकाचा नव्हे.

ठेका: चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा येणारा आवाज मोजता येतो. १७५/६५ आर १४ या मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.८३ मीटर असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने असे चाक सेकंदाला सुमारे ३ फेऱ्या घेते, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने सुमारे ९. ताशी २० किलोमीटर वेगाला सेकंदात तीन ठोके ऐकू आल्यास चाकावरील एका विशिष्ट जागी दोष आहे असे समजावे. उदाहरणार्थ, अडकलेला खडा किंवा टायरला आलेला फुगवटा. बेअरिंगमध्ये अनेक गोळ्या एका खराब जागेवरून लागोपाठ जात असल्याने सुटे ठोके न येता सलग घरघर ऐकू येते.

भार: वळण घेताना गाडीचा भार वळणाच्या बाहेरच्या बाजूकडे झुकतो. डावीकडे वळताना उजव्या चाकांवरील भार वाढतो, उजवीकडे वळताना डाव्या. त्यामुळे डाव्या वळणावर घरघर वाढत असेल आणि उजव्या वळणावर कमी होत असेल, तर उजव्या बाजूच्या बेअरिंगवर प्रथम संशय घ्यावा. मात्र बेअरिंगच्या दोन रांगांपैकी कोणती रांग खराब झाली आहे यावर हा परिणाम अवलंबून असल्यामुळे क्वचित उलटा अनुभवही येतो. म्हणूनच ही चाचणी संशयाची दिशा दाखवते; अंतिम निर्णय गाडी उचलून तपासल्यावरच घ्यावा.

ब्रेक: ब्रेक हलका दाबताच आवाज सुरू होत असेल, बंद होत असेल किंवा बदलत असेल, तर त्याचे मूळ बहुधा ब्रेकच्या भागांत असते.

रस्ता: टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे लक्षणीय बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर उतरताच घरघर एकदम कमी झाली, तर दोष टायरकडे असण्याची शक्यता अधिक.

प्रमुख कारणे

बेअरिंगची झीज

गोळ्या आणि कडी यांच्यामध्ये लक्षावधी वेळा दाब येऊन पोलादाचा पृष्ठभाग थकतो आणि त्याचे सूक्ष्म कपचे निघतात. हे कपचे ग्रीसमध्ये मिसळून झीज आणखी वाढवतात. ही नैसर्गिक झीज अकाली घडवून आणणारी कारणे मुख्यतः दोन आहेत. खोल खड्ड्यात चाक आदळल्यावर गोळ्यांचे बारीक ठसे कड्यावर उमटतात आणि तेथूनच आवाज सुरू होतो. दुसरे कारण पाणी. तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी नेताना सील कमकुवत असेल, तर पाणी आणि चिखल आत शिरतो, ग्रीस निकामी होते आणि पोलादाला गंज चढतो. आवाज त्याच दिवशी येत नाही; कित्येक आठवड्यांनी येतो. त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध मालकाच्या लक्षात येत नाही.

टायरची विषम झीज

चाकांचे अलाइनमेंट बिघडले किंवा शॉक ॲब्जॉर्बर दुबळे झाले की टायरच्या पृष्ठभागावर करवतीच्या दात्यांसारखी अथवा उंचसखल चट्ट्यांची झीज होते. अशा टायरची घरघर बेअरिंगच्या घरघरीसारखीच असते. गाडी उभी असताना टायरवरून तळहात सावकाश पुढे आणि मग मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरबरीत लागल्यास करवती झीज झाली आहे. तार किंवा खिळा टोचू नये म्हणून आधी टायर नजरेखालून घालणे आवश्यक आहे. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर बदलावा लागतो. ही मर्यादा दाखवणारे उंचवटे टायरच्या खाचांमध्येच घडवलेले असतात.

ब्रेकचे भाग

अनेक ब्रेक पॅडना धातूची एक लहान पट्टी जोडलेली असते. पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ही पट्टी डिस्कला घासून चीं असा आवाज करते. तो मुद्दाम योजलेला इशारा आहे. त्याकडे दुर्लक्ष केल्यास पॅडचा पोलादी पाया डिस्कवर घासू लागतो, आवाज खरखरीत होतो, डिस्कवर चरे पडतात आणि ब्रेकची पकड घटते. कॅलिपर अडकल्यास पॅड सतत घासत राहतो. असे चाक इतर चाकांपेक्षा अधिक तापते आणि गाडी एका बाजूला ओढते.

पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकला येणारी आणि नंतर आपोआप थांबणारी खरखर याच थरामुळे असते. ती बिघाडाची खूण नाही.

सीव्ही जॉइंट

रबराचे बूट फाटले की ग्रीस बाहेर फेकले जाते आणि धूळ आत जाते. झिजलेला जॉइंट स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना कटकट करतो. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसणे हा फाटलेल्या बूटचा पुरावा होय. बूट फाटल्याचे वेळीच लक्षात आले आणि आत धूळ गेलेली नसली, तर नवे ग्रीस भरून केवळ बूट बदलणे पुरते.

सैल नट

पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर थोड्याच अंतरात सुरू झालेला ठकठक आवाज सैल नटाचा समजून गाडी लगेच थांबवावी. नट घट्ट बसल्यासारखे वाटले तरी रिम आणि हब यांच्यामध्ये गंज किंवा माती राहिल्यास काही अंतर धावल्यावर ते ढिले पडतात.

तपासणीची पद्धत

१. माहिती घेणे: आवाज कधीपासून आहे, त्यापूर्वी टायर, ब्रेक किंवा सस्पेन्शनचे काम झाले होते का, गाडी पाण्यातून गेली होती का, चाक जोरात आदळले होते का, हे आधी विचारावे.

२. डोळ्यांनी पाहणे: नट, टायरची झीज व फुगवटा, अडकलेले खडे, पॅडची उरलेली जाडी, फाटलेले बूट आणि वाकलेला धूळरोधक पत्रा तपासावा. अनेक आवाजांचा उलगडा याच पायरीवर होतो.

३. रस्त्यावरील चाचणी: नट घट्ट असल्याची खात्री झाल्यावरच सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने गाडी चालवून वेग, वळण, ब्रेक आणि रस्ता यांचा परिणाम नोंदवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गाडी चालवणारा आणि ऐकणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात.

४. चाक उचलून पाहणे: गाडी जॅकने उचलून घोडीवर टेकवावी, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नये. जमिनीवरील चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. मग चाक वर-खाली धरून आणि नंतर दोन्ही बाजूंना धरून हलवावे. वर-खाली धरल्यावर खेळ (ढिलेपणा) जाणवला, तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट संशयित असतो. पुढच्या चाकात केवळ आडवा खेळ असल्यास स्टीअरिंगचा टाय रॉड एंड तपासावा.

५. ब्रेक दाबून पडताळा: दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक दाबून धरला असता तो खेळ नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा असतो; कारण ब्रेकमुळे फिरणारा हब आणि न फिरणारा भाग एकमेकांना जखडले जातात. खेळ तसाच राहिल्यास दोष बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनच्या अन्य सांध्यात असतो.

६. हाताने फिरवणे: एका हाताने चाक फिरवावे आणि दुसरा हात त्याच चाकाच्या सस्पेन्शन स्प्रिंगवर हलकेच ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी हाताला जाणवते. दुसऱ्या बाजूचे चाक तसेच फिरवून तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो.

खेळ नाही म्हणून बेअरिंग निर्दोष, असे मात्र समजता येत नाही. गुंजन सुरू झाल्यानंतरही बराच काळ बेअरिंगमध्ये हाताला जाणवण्याइतका ढिलेपणा येत नाही.

चाक उचलून इंजिनाच्या शक्तीने फिरवण्याची पद्धत धोकादायक आहे. सामान्य डिफरन्शियल असलेल्या गाडीत एक चाक थांबलेले असल्यास दुसरे चाक वेगमापकावर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट वेगाने फिरते. असे काम लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये प्रशिक्षित कारागिरानेच करावे.

निदानातील चुका

सर्वांत सामान्य चूक टायर आणि बेअरिंग यांच्यातील गल्लतीची असते. घरघर बेअरिंगची असताना चारही टायर बदलले जातात, किंवा टायरची असताना बेअरिंग बदलले जाते. दोन्ही वेळा खर्च होतो आणि आवाज तसाच राहतो. ही चूक टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक आपसांत बदलून पाहणे. आवाज पुढून मागे गेला तर दोष टायरचा. जागच्या जागी राहिला तर बेअरिंगचा. पुढील आणि मागील टायर एकाच मापाचे असतील तरच हा उपाय करता येतो.

दुसरी चूक बाजू ओळखण्यातील आहे. गाडीच्या सांगाड्यातून आवाज पसरत असल्यामुळे चालकाला तो स्वतःच्या बाजूचा वाटतो, प्रत्यक्षात तो पलीकडच्या किंवा मागच्या चाकाचा असू शकतो. तिसरी चूक म्हणजे आवाज चढत्या संगीताने बुडवणे. हळूहळू वाढणाऱ्या आवाजाला कान सरावतो आणि मालकाला तो ऐकू येईनासा होतो. बऱ्याच दिवसांनी गाडीत बसलेल्या पाहुण्याच्या मात्र तो चटकन लक्षात येतो.

दुरुस्ती

बंद प्रकारचे बेअरिंग दुरुस्त करता येत नाही किंवा त्यात ग्रीस भरता येत नाही. ते बदलावेच लागते. काही गाड्यांत हब आणि बेअरिंग मिळून एकच भाग बोल्टांनी बसवलेला असतो, काहींत बेअरिंग प्रेसने दाबून बसवतात. दाबताना जे कडे घट्ट बसवायचे आहे त्याच कड्यावर जोर द्यावा लागतो. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगमध्ये गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत आवाज करू लागते. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय कडे असते. ती बाजू सेन्सरकडे न बसवल्यास एबीएसचा दिवा लागतो.

ब्रेक पॅड नेहमी डाव्या आणि उजव्या चाकांचे एकत्र बदलतात, अन्यथा दोन्ही बाजूंची पकड असमान होते. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती श्वासावाटे आत जाणे आरोग्यास घातक असते. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतके आवळावे आणि साधारण ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावे.

सुरक्षितता

पुढील स्थितीत गाडी पुढे न नेता सुरक्षित जागी थांबवावी आणि टोइंगची मदत घ्यावी.

• आवाजासोबत चाक डगमगणे किंवा स्टीअरिंग थरथरणे
• ब्रेकचे पेडल खोल जाणे किंवा ब्रेक दाबल्यावर धातू घासल्याचा आवाज येणे
• एखाद्या चाकातून जळका वास किंवा धूर येणे
• टायरच्या बाजूला फुगवटा दिसणे
• दबकी घरघर अचानक कर्कश होणे

तापलेल्या चाकाला हात लावू नये आणि त्यावर पाणी ओतू नये. एकाएकी थंड झाल्याने डिस्क वाकू शकते. घाटातून उतरताना वारंवार ब्रेक लावल्याने सर्वच चाके तापतात. म्हणून घाट संपताच एखादे चाक गरम लागले तर तेवढ्यावरून निष्कर्ष न काढता चारही चाकांची तुलना करावी. उतारावर चाचणीसाठी गाडी न्यूट्रल करू नये, कारण त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर पडतो.

महाराष्ट्रात खड्डे, तुंबलेले रस्ते आणि किनारपट्टीवरील दमट, खारी हवा ही चाकाच्या भागांची झीज वाढवणारी तिन्ही कारणे पावसाळ्यात एकत्र येतात. पावसाळा संपल्यावर एकदा चारही चाके उचलून, हाताने फिरवून पाहिल्यास दिवाळीच्या लांबच्या प्रवासापूर्वी बहुतेक बिघाड आवाजाच्या पहिल्या अवस्थेतच सापडतात.

हे सुद्धा पहा

• धारवा
• ब्रेक
• टायर
• सस्पेन्शन
• वंगण
• डिफरन्शियल